अर्जातली सदतीस नावं

“अकरा? फक्त अकरा?” फोनवर पाटणकर साहेबांचा आवाज चढला. “साळुंखे, कंपनी वाचवा म्हणून आपण सरकारच्या दारात उभे आहोत. अकरा माणसांसाठी कोण वाचवेल?”

मी सोलापूरच्या एमआयडीसीत, उस्मानभाईंच्या रबराच्या कारखान्यात उभा होतो. एका मोटार कंपनीत मी व्हेंडर क्वालिटी बघायचो. म्हणजे बाहेरून येणारे सुटे भाग नीट बनतात की नाही, ते तपासायचं. पाटणकर साहेब माझे बॉस. आमच्या गाड्या खपेनाशा झाल्या होत्या, एक शिफ्ट बंद पडली होती आणि सरकारकडे मदतीचा अर्ज गेला होता. सरकारने विचारलं, तुमच्यावर किती जणांचं पोट आहे? सप्लायरकडची माणसंही धरा. ती मोजायला आम्हाला गावोगावी पाठवलं. सोलापूर माझं गाव, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं.

उस्मानभाई आम्हाला ग्रोमेट पुरवायचे. गाडीच्या पत्र्याला भोक पाडून त्यातून वायर नेतात. पत्र्याच्या धारेने वायर कापली जाऊ नये म्हणून त्या भोकात रबराची रिंग बसवतात, ती ग्रोमेट. साच्यातून निघालेल्या रिंगेच्या कडेला रबराचा पातळ पापुद्रा राहतो. तो कापून काढायचा, त्याला ट्रिमिंग म्हणतात.

हजेरीपटावर अकरा नावं होती. नऊ जण साच्यांच्या प्रेसवर, दोघं पॅकिंगला. मी शेडमध्ये दोनदा फिरलो. मग डोक्यात आलं, ट्रिमिंगचं टेबल कुठे आहे? दर वर्षी ऑडिटला येऊन मी ‘ट्रिमिंग समाधानकारक’ यावर टिक करत होतो. रिंगा उत्तमच असायच्या. त्या कापतं कोण, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

“उस्मानभाई, कापणी कुठे होते?”

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “पूर्व भागात. विडीवाल्या बायका हायेत. विडीचं पान कापायची कात्री असती न्हवं, तिनंच कापतात. लई सफाई हाय हाताला. पण साहेब, ते लिवू नका. त्यांची कुटंच नोंद न्हाय. उद्या माज्याच गळ्यात येईल.”

“नोंद नाही म्हणूनच लिहायचं. उद्या मदत आली आणि यादीत त्याच नसल्या तर?”

हे मी मनापासून म्हणालो. साहेबांना मोठा आकडा हवा होता, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वाटेने जात होत्या, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उस्मानभाई स्कूटरची किल्ली घेऊन पुढे निघाले.

नरसम्माबाईंचं घर विणकरांच्या वस्तीत होतं. रिंगांची पोती त्यांच्याकडे उतरायची आणि तिथून गल्लीभर वाटली जायची. साठीच्या बाई. मांडीवर सूप, सुपात रिंगा. एक रिंग बोटावर चढवायची, कात्री तशीच धरून ठेवायची आणि रिंग फिरवायची. पापुद्रा एका सलग धाग्यासारखा सुटून खाली पडायचा. मी खिशातून भिंग काढून कड बघितली. कुठे खाच नाही, कुठे चोच नाही.

“हे गाडीत कुटं बसतंय वो साहेब?” त्यांनी विचारलं.

माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी होती. आमच्याच कंपनीची. मी बॉनेट उघडलं. नरसम्माबाईंनी तेलुगूत हाका मारल्या तशा घराघरांतून बायका आल्या, कुणाच्या हातात अजून कात्री होती. मी वायरींच्या जुडग्यामागे बोट दाखवलं.

“एवढ्या आत? मग दिसत बी न्हाय की!”

“दिसत नाही, पण ही नसली तर गाडी पेट घेऊ शकते.”

एकेकीने वाकून ती रिंग बोटाने चाचपून बघितली.

नावं सांगायची वेळ आली तेव्हा नरसम्माबाईंनीच अडवलं. “नाव लिवल्यावर काय हुतंय?”

“सरकारला कळेल की गाडीचं काम तुम्हीही करता. कंपनी तरली की सगळे तरतील.”

“मंजी काम टिकंल?”

“टिकेल,” मी म्हणालो.

असं सांगायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. सदतीस नावं झाली, कारखान्यातली अकरा धरून अट्ठेचाळीस. पाटणकर साहेब फोनवर खूश झाले, म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलंत?”

काही महिन्यांनी मदत मंजूर झाली. प्लांटमध्ये पेढे वाटले. बंद पडलेली शिफ्ट सुरू झाली. मीही पेढा खाल्ला.

मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझीच यादी होती.

“सरकारी पैसा घेतलाय, आता सगळ्याचं ऑडिट होणार. नोंद नसलेल्यांना घरी काम दिलेलं चालणार नाही. रिंगा पुण्याला पाठवायच्या. तिथे मशीन आहे, रबर गोठवतात, पापुद्रा आपोआप तुटून पडतो.”

“साहेब, मग त्यांची नोंद करून घेऊ. ही माणसं आपल्याच अर्जात आहेत.”

“अर्ज मंजूर झाला, साळुंखे.”

मी भांडलो. दोनदा लेखी दिलं. काही उपयोग झाला नाही. उस्मानभाईंचे अकराच्या अकरा राहिले, साचे चालू राहिले. फक्त कापणी गेली. मी यादी केली नसती तर ऑडिटला या बायका सापडल्याच नसत्या, हे मला आजही छळतं.

सांगायला मी स्वतः गेलो. उस्मानभाई बरोबर आले नाहीत. नरसम्माबाईंच्या सुपात आता नुसती विडीची पानं होती. काम का गेलं ते मी सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्या ऐकत होत्या. कात्री थांबली नाही.

“कंपनी वाचली न्हवं पर?” त्यांनी विचारलं.

“वाचली.”

“मग नावं कामाला आली की आमची.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता. त्यांनी मला चहा दिला.

बुडती मोटार कंपनी सरकारने वाचवावी का, असं आता निवृत्तीनंतर लोक मला विचारतात. मी वाचवावी असंच म्हणतो. ते अकरा जण आजही कामावर आहेत, त्यांच्या घरी जाऊन उलटं सांगायची माझी छाती नाही. पण ज्यांना मोजून मदत मागितली, त्यांची यादी मदत देतानाही समोर ठेवावी, आणि वर्षभराने कुणीतरी ती घेऊन दारोदार हजेरी घ्यावी. आमच्या यादीची हजेरी कुणी घेतली नाही. घेतली असती तर अट्ठेचाळीसपैकी अकरा भरले असते.

त्या यादीसोबतच्या माझ्या फॉर्मवर ‘मोजणी समाधानकारक’ असा एक रकाना होता. त्यावरही मीच टिक केली होती.