गाडीची लांबी

डेपोत सगळे त्यांना वेळापत्रकबाई म्हणत, कारण एकतीस वर्षं बसची वेळापत्रकं त्यांनीच आखली. नवराही त्याच डेपोतला ड्रायव्हर, त्याला सगळे वस्ताद म्हणत. निवृत्तीनंतर वस्तादांनी एक जुनी घरगाडी घेतली: मागे पलंग, शेगडी, छोटा संडास, पुढे स्टिअरिंग. राहतं घर भाड्यानं दिलं आणि दोघं निघाली. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,’ असं लेक म्हणाली खरी, पण लॅपटॉपवर रस्ते आखायचा एक प्रोग्रॅमही तिनंच टाकून दिला. त्याला आता तीन वर्षं झाली.

लोकांना वाटतं, काय मजा आहे बुवा यांची. मजा होती, पहिल्या वर्षी. पण घरगाडीत घर आणि गाडी दोन्ही आवरावी लागतात, आणि बाईंच्या वाट्याला वर तिसरं कामही आलं होतं. उद्या कुठं जायचं, पाणी कुठं भरायचं, संडासाची टाकी कुठं रिकामी करायची, मुक्कामाची जागा सपाट आहे की नाही, हे सगळं रोज दुपारी प्रोग्रॅममध्ये बसवायचं. म्हणजे निवृत्त होऊनही बाई वेळापत्रकच करत होत्या, फक्त पगार बंद झाला होता.

प्रोग्रॅम मात्र गुणाचा. त्याला गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन एकदा सांगितलं, की ठेंगणे पूल आणि चिंचोळ्या गल्ल्या तो आपणहून टाळी. वस्तादांनी टेप घेऊन, छतावर चढून, तीनतीनदा मापं काढली होती. लांबी बरोबर सात मीटर. "मेव्हणीला खोटं सांगायचं नाही," ते तेव्हा म्हणाले होते. हाच प्रोग्रॅम गाडीत पुढे लावलेल्या टॅबमधून रस्ता सांगे, त्या आवाजाला ते मेव्हणी म्हणत.

आधी एका मुक्कामाच्या फाटकाचा खांब घासला. खांबच चुकीच्या जागी रोवलाय, असं वस्तादांनी ठरवून टाकलं. मग ‘बोर्डावर काय लिहिलंय बघ गं’ सुरू झालं, पहिल्यांदा अधूनमधून, नंतर प्रत्येक बोर्डाला. आणि एका दुपारी कडेनं चाललेला सायकलवाला वीतभर अंतरानं वाचला. तो सायकलवरून उतरून बराच वेळ नुसता उभा राहिलेला बाईंना आरशात दिसला.

"ऊन डोळ्यांवर आलं," वस्ताद म्हणाले.

ऊन गाडीच्या मागे होतं. बत्तीस वर्षांत ज्या माणसाच्या बसला ओरखडा आला नाही, त्याला ‘तुम्हाला दिसत नाही’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं? डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय दोनदा काढून त्यांनी हात टेकले होते.

त्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावर बाईंनी लॅपटॉप उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळापत्रकात खोटं लिहिलं. लांबी सातची बारा केली. वजन दुप्पट केलं. प्रोग्रॅमनं निमूटपणे ऐकलं. तेव्हापासून रस्ते रुंद आणि सरळ, मुक्काम असे की गाडी कधी मागे घ्यावी लागत नाही. नव्वद किलोमीटरच्या जागी दीडशे पडू लागले.

"मेव्हणी म्हातारी झाली," वस्ताद कुरकुरत. "गल्ली बघितली की घाबरते."

बाई शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून रस्ता बघत. ट्रक, पोरं, कुत्री, खड्डे, सगळं मोठ्यानं सांगत. उतरेपर्यंत मानेचा दगड झालेला असे. त्या दमल्या होत्या, आणि हे दमणं झोपेनं उतरत नव्हतं.

मग एका सकाळी चहा पिताना वस्तादांना घाट आठवला. नोकरीतली अकरा वर्षं त्यांनी त्या घाटात बस चालवली होती, आणि मुक्कामापासून तो फार लांब नव्हता. बाईंनी घाटमाथ्याचं गाव टाकलं. पडद्यावर उत्तर आलं: या वाहनासाठी मार्ग नाही. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि वाचता वाचताच त्यांना कळलं की हे वाचायला नको होतं.

"मार्ग नाही?" वस्ताद हसले. "अगं, अकरा मीटरची बस दिवसातून दोनदा चढवायचो मी तिथं. आपली सातच मीटरची. काहीतरी चुकलंय. गाडीची माहिती उघड बघू."

बाईंना ती उघडावी तर लागली. वस्ताद कप ठेवून शेजारी येऊन बसले, चेहरा पडद्याजवळ नेला, मग आणखी जवळ.

"लांबी वाच."

"सात," बाई म्हणाल्या.

वस्तादांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आकडा मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "पण तिसऱ्या चौकटीत दोन आकडे आहेत, एवढं अजून दिसतं."

खोटं बोलायलाही सराव लागतो. बाईंनी हात मांडीवर घेतले.

"किती टाकलीस?"

"बारा."

"कधीपासून?"

"त्या सायकलवाल्यापासून."

वस्तादांनी कप चाचपला, उचलला, गार झालेला चहा संपवला. "मला त्याच्या आधीपासून कळत होतं," ते म्हणाले. "वाटलं, तू सांगत असतेस, निभावून जाईल."

बाईंना त्यांचा राग आला. एक माणूस मरता मरता वाचला होता, आणि ह्याला माहीत होतं. लगेच स्वतःचाही आला. माहीत तर त्यांनाही होतं, आणि तरी त्या रोज शेजारी बसून रस्ता सांगत होत्या.

"घाटात जायचं असेल तर मी..." त्यांना वाक्य पुरं करवेना. लायसन होतं, डेपोला जाता-येता छोटी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली होती. पण आता स्टिअरिंगही आपल्याच गळ्यात, या विचारानं त्यांचे खांदे आणखी खाली आले.

"घाट राहू दे," वस्ताद म्हणाले. "लेकीकडे चल."

हे ऐकायला त्या महिनोन्‌महिने झुरत होत्या. आता ऐकलं, तर आनंद काही होईना. त्या आवाज न करता रडल्या, डोळे पुसले, गाडीची खरी मापं भरली आणि लेकीचा पत्ता टाकला. आठशे वीस किलोमीटर. रोज शंभर धरले तर नऊ दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्टिअरिंगवर बसल्या. त्यांचे पाय पोचेनात, तेव्हा वस्तादांनीच खाली वाकून खटका दाबला आणि सीट पुढे सरकवून दिली. मग ते पलीकडून चढले, पट्टा लावला आणि समोर बघत बसले.

मेव्हणीनं पहिलं वळण सांगितलं, तसा वस्तादांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला गेला. तिथं काहीच नव्हतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. दुसऱ्या वळणाला तसंच झालं. बाईंनी दोन्ही वेळा बघितलं. तिसऱ्या वळणापासून त्यांचा पाय दाबला गेला, की त्या ब्रेक लावू लागल्या, गरज असो वा नसो.