कडधान्य न शिजणारं घर

कोणाच्याही घरी गेला की धर्मामामा आधी स्वयंपाकघरात शिरायचा आणि शेगडीवरच्या भांड्याचं झाकण उचलून बघायचा. पाणी नाही, बसणं नाही, ‘कशी आहेस’ नाही, आधी झाकण. आत कोंबडी किंवा मासळी दिसली की स्वारी खुशीत येऊन खुर्चीत बसायची. मटकी नाहीतर चवळी दिसली की माझ्याकडे दयेने बघून म्हणायची, “काय गो भाचे, जावयाचं बरं चाललंय ना?” आणि थोड्या वेळात त्याचा ड्रायव्हर मटणाची पिशवी घेऊन दारात हजर. माझा नवरा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात सुपरवायझर होता, आम्ही खाऊनपिऊन सुखी होतो. पण मामाच्या लेखी ज्या घरात कडधान्य शिजतं ते घर अडचणीतच असायचं.

मामा भिवंडीजवळच्या शेलार गावचा. त्याची भाताची शेती होती. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर तो वाल पेरायचा आणि मग थंडीभर घरात वालच वाल. आधी कोवळ्या शेंगा, नंतर बिरडं, आणि सुकवलेले दाणे पुढच्या पावसापर्यंत. मी लहानपणी आजोळी जायचे तेव्हा मामा दिवसभर बांधावर उघड्या अंगाने फिरत असायचा. पोट असं त्याला नव्हतंच. मग भिवंडीच्या चहूबाजूंनी गोडाऊनं उभी राहू लागली, मामाचीही जमीन गेली. तिच्यावर मुरुमाचा भराव पडला, पत्र्याची छपरं चढली आणि धर्मा एका वर्षात धर्माशेठ झाला. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, गळ्यात साखळी. सकाळपासून गोडाऊनच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला थंड पाजायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःही प्यायचा. “जेवन म्हंजे दाताला हाड लागलं पायजे,” हे त्याचं पालुपद. हाडाबरोबर भाताचा डोंगर लागायचा, ते वेगळं.

कडधान्यावरचा हा राग आला कुठून, हे आईने मला सांगितलं. आईच्या लग्नात, हळदीच्या पंगतीला, मुलाकडच्यांना मटण वाढायची आमच्याकडे रीत. आजोबांची ऐपत नव्हती. त्यांनी शेतातल्या वालाचं बिरडं आणि भात केला. खारबावहून आलेल्या वऱ्हाडातल्या एका वडीलधाऱ्याने पत्रावळ पुढे सरकवली आणि वाल खायला आम्ही घरीच थांबलो असतो, असं बोलून उठला. त्याच्यामागून अर्धी पंगत उठली. वाढायला मामा होता, मिसरूडही न फुटलेला. ते वऱ्हाड म्हणजे माझ्याच बापाकडची माणसं, त्यामुळे या गोष्टीचा विषय आमच्या घरी कधी निघाला नाही.

मामाने मात्र तो अपमान मनात जपून ठेवला होता. जमीन विकली त्या वर्षी त्याने गावदेवीपुढे नारळ धरला आणि चारचौघांत शपथ घेतली, की माझ्या चुलीवर यापुढे कडधान्य चढणार नाही. लोक देवीपुढे दारू सोडतात, जुगार सोडतात. आमच्या मामाने वाल सोडले. लोक हसले, पण हळूच, कारण त्या दिवशी जेवणही त्याचंच होतं.

शपथ त्याची, पाळायची मात्र गोदामामीने. वरणसुद्धा पाहुणा शाकाहारी असला तरच शिजायचं. मामी महिन्यातून एकदा बाजाराच्या निमित्ताने माझ्याकडे यायची, जमिनीवर फतकल मारून बसायची आणि मटकीची उसळ भाकरीशी खायची. शपथ मोडते ना, म्हणून मी एकदा तिची थट्टा केली. ती घास न थांबवता म्हणाली, “शपथ घराची हाय, माज्या तोंडाची न्हाय.”

त्यांचा मुलगा नरेश. मामाचा जीव त्याच्यात. पोराला कशाची कमी पडू नये म्हणून मामा त्याच्या ताटात आपल्या हाताने वाढायचा आणि पोर नको म्हणालं तरी वाढायचा. विशीतच नरेशला गाडीतून उतरताना दाराला धरून उतरावं लागे. मामा कौतुकाने सांगायचा की शेठचा पोरगा शेठसारखा दिसला पाहिजे.

मामाला सारखी तहान लागू लागली, वजन उतरलं, तेव्हा मी आणि नरेशने त्याला भिवंडीतल्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई इथल्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायच्या. मधुमेह निघाला. बाईंनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, थंडपेय बंद केलं. भात निम्मा करा आणि त्याच्या जागी मूग, मटकी, चवळी, वाल खा, म्हणाल्या. त्याने साखर एकदम चढत नाही. मग त्यांनी नरेशकडे बघितलं.

“शेठ, तुम्हाला तर झाला. कडधान्य म्हणजे काही दवा नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. लेकिन इस बच्चे का सोचो. जे लोक हे नेहमी खातात त्यांना ही बिमारी होण्याचा धोका कमी असतो. याला आत्तापासून खायला घाला.”

मामाने मान डोलावली. बाहेर आल्यावर गाडीत बसता बसता मला म्हणाला, “डॉक्टरीन चांगली हाय. पन तिला आमचं घर म्हाईत न्हाय.” घरी जाऊन त्याने गोळ्या घेतल्या, भात तेवढाच खाल्ला आणि संध्याकाळी कोंबडी कापायला लावली. मला त्या दिवशी त्याचा मनापासून राग आला होता. मी भांडलेही. पण देवीला दिलेला शब्द म्हटल्यावर आमच्याकडे भांडण तिथेच संपतं.

चैत्रात गावदेवीची पालखी निघते. मामा दर वर्षी अनवाणी चालायचा. पूर्वी वाट मातीची होती. आता ट्रकांसाठी सिमेंटचा रस्ता झाला होता आणि दुपारचं ऊन असं की माणसं चटके बसून सावलीकडे पळत होती. मामा पालखीमागे संथ चालत राहिला. लोक एकमेकांना दाखवत होते, शेठची भक्ती बघा. संध्याकाळी मामी त्याचे पाय धुवायला बसली, तर तळव्याची कातडी तिच्या हाताबरोबर आली. मामाने वाकून बघितलं आणि तिलाच विचारलं, हे कधी झालं? त्याला काही जाणवलंच नव्हतं. पायातली जाणीव केव्हाची गेली होती.

जखम भरली नाही. आधी बोटं काळी पडली, मग ठाण्याच्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढला. त्या धावपळीत नरेशला चक्कर आली, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्याचंही रक्त तपासलं. साखर काठावर होती. अजून मधुमेह नाही, पण असंच चाललं तर होणार. आत्ता खाणं बदललं, वजन उतरवलं तर कदाचित थांबेल, असं त्यांनी मामासमोरच सांगितलं. पाय गेल्याचं कळलं तेव्हा मामा रडला नव्हता. हे ऐकून तो भिंतीकडे तोंड करून रडला.

घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते देवीकडे जाण्याचं. चाकाच्या खुर्चीतून नेलं आम्ही. देवळाच्या पायऱ्या चढवायला चार माणसं लागली. मामाने मांडीवर नारळ घेतला आणि गाव ऐकेल एवढ्या मोठ्याने बोलला, “आये, तुज्यापुडं बोललो ती माजी मस्ती होती. शपथ तुजी तुला परत. पोराला त्याची शिक्षा लावू नको.” गावातला एकही माणूस हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मामीने बाजारातून वाल आणले. ज्या घरात पोत्यांनी वाल असायचे तिथे ते पिशवीतून विकत आले. तिने ते भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि कोमट पाण्यात टाकून मामाच्या मांडीवर ताट ठेवलं. धर्माशेठ पलंगावर बसून एकेका वालाची साल काढत होता. मी मदतीला बसले तर म्हणाला, तू नको, पोरासाठी मलाच करायचंय. बिरड्याला नारळाचं दूध घातलं होतं, वास घरभर पसरला होता. मामाला त्या दिवशी नरेशशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

नरेश वाईट मुलगा नव्हता, हे सांगायला हवं. बापाची पट्टी तोच बदलायचा, त्याला आंघोळ तोच घालायचा. तो जेवायला बसला. त्याने एक घास घेतला, चावला, तोंडातच ठेवला. मग उठून मोरीत जाऊन थुंकून आला. पुन्हा बसला, पुन्हा घेतला, पुन्हा तेच. धर्मामामाने आयुष्यात कोणापुढे हात जोडले नव्हते. त्याने पलंगावरून मुलापुढे हात जोडले.

नरेशचे डोळे भरून आले. “बाबा, लहानपनी आईनं मना शेजारून आनलेली मटकी दिली, तवा तू माजं ताट उचलून अंगनात फेकलंस. भिकाऱ्याचं खानं हाय, असं बोललास. तवापासून मना वासानंच उलटी येते. मी मुद्दाम न्हाय करत रे. उतरतच न्हाय, त्याला मी काय करू?”

मामाचे हात तसेच जोडलेले राहिले. मामीनेच ते धरून खाली केले.

नरेशने आपल्या परीने खूप केलं. भात कमी केला, सकाळी चालू लागला, मग गोडाऊनच्या कामात चालणं सुटलं, संध्याकाळी हायवेच्या धाब्यावर मित्र वाट बघू लागले. मामीने मूग दळून भाकरीत घातले, ते त्याने ओळखले. मामा स्वतः मात्र उरलेली वर्षं रोज न चुकता कडधान्य खात राहिला, नरेशसमोर, चवीने, मोठमोठे घास घेऊन. लहान मुलाला खाऊन दाखवतात तसं. बघवत नसे. पुढे मामाची किडनी गेली, नजर गेली. शेवटी शेवटी त्याला भेटायला गेलं की तो स्वतःचं काही सांगायचा नाही. आवाजावरून माणूस ओळखायचा आणि विचारायचा, नरेशची साखर कुठवर हाय? आम्ही सगळे सांगायचो, काठावरच आहे.

खरं तर ती केव्हाच काठ ओलांडून गेली होती, आणि गोळ्यांनीही भागत नव्हतं. शेवटच्या रात्री मामाने तेच नरेशला विचारलं. नरेश त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, “उतरली, बाबा. रोज वाल खातो.” मामा बरं म्हणाला. पहाटे तो गेला.

तेराव्याला सगळं गाव जेवायला आलं होतं. पहिली पंगत बसायच्या आधी नरेश आतल्या खोलीत गेला, शर्ट वर करून पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि वाढायला बाहेर आला. तेवढा वेळ गोदामामी दार ओढून बाहेर उभी होती, पाहुण्यांपैकी कोणाला दिसू नये म्हणून.