काळ्या चौकटीतले यशवंत मास्तर

छापून झालेला पहिला फर्मा प्रमिलाबाईंनी टेबलावर पसरला, पाचव्या पानावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "भाऊ, ही काळी चौकट कोनं टाकली?"

"मीच टाकली बाई," मी म्हणालो. मी शाबासकीची वाट पाहत होतो.

"काऊन टाकली?"

"मेलेल्या मानसाचं पत्र हाय ना. म्हून टाकली. शोभून दिसते."

बाई खुर्चीत बसल्या. "भाऊ, आपन मेलो हे त्याले मालूमच नाई. वाचनाऱ्यालेही इतक्यात मालूम व्हाचं नव्हतं. तुमी पाचव्याच पानावर सांगून टाकलं."

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका छापखान्यात फोरमन होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तिथल्या सगळ्या कचेऱ्यांना नवीन लेटरहेड हवे होते, आणि त्यातले निम्मे आमच्याकडेच आले होते. अक्षरांचे खिळे पुरत नव्हते. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर. ते हाताने जुळवून पान करायचं, आठ पानं एकत्र बांधली की एक फर्मा. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा खणात टाकायचे, म्हणजे पुढच्या कामाला मिळतात. आधीचं पान मग जगात फक्त कागदावर उरतं.

या धांदलीत प्रमिलाबाई कादंबरी घेऊन आल्या. पोंभुर्णा भागातल्या एका आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. नवरा शाळामास्तर. वर्षभरापूर्वी तापाचं निमित्त होऊन गेला. मालकांनी मला काम देताना एवढंच सांगितलं, "वसंता, मेलेल्या मानसाच्या प्रेमाची कादंबरी हाय. इनोदी हाय म्हनते बाई. पाह्यजो."

पाहतो म्हणालो, पण वाचलं कुठे? खिळे जुळवणारा कंपोझिटर वाचत नसतो. डावीकडे हस्तलिखित, उजव्या हाताने खिळे उचलायचे, तेही उलटी अक्षरं. डोळे आणि बोटं कामाला, डोकं घरी. माझ्या हातून आजवर हजारो लग्नं लागली आणि तेवढ्याच तेरव्या झाल्या, पण कोणाची ते विचाराल तर सांगता येणार नाही.

तेरवीची पत्रिका म्हटली की काळी चौकट. हा हात बसलेला. मृत्यूची खबर देणारं कार्ड जसं कोपरा फाडून पाठवतात आणि वाचून घराबाहेरच टाकतात, तशीच ही चौकट. न वाचताही कळलं पाहिजे. प्रमिलाबाईंनी प्रूफ तपासलं तेव्हा चौकट नव्हती. पानं बांधताना कादंबरीतल्या मास्तरांच्या पहिल्या पत्राभोवती मी काळ्या रेघेच्या पितळी पट्ट्या आपल्या मनाने लावल्या. मेलेल्या माणसाचा मान राखला, असं मला वाटलं होतं.

आता बाईंनी गोष्ट सांगितली. यशवंत मास्तर नावाचा माणूस. जन्मभर गावात भुताखेतांविरुद्ध भाषणं दिलेली. तो एक दिवस मरतो. पण आत्मा वगैरे काही नसतं यावर त्याचा इतका ठाम विश्वास, की आपण मेलो हेच तो मानत नाही. बायको चहा देत नाही, बोलत नाही, म्हणजे रुसली असणार. मग तो तिला नव्याने पटवायला निघतो. रोज सकाळी तांदळाच्या डब्यात एक पत्र. बायकोला सगळं माहीत. पण ती त्याला कळू देत नाही, कारण कळलं तर तो जाईल. आणि वाचणाऱ्याला हे समजायचं ते पुस्तक अर्ध्यावर आल्यावर.

"बाई, आधी समजलं तर एवढं काय बिघडते?" मी विचारलं.

"सासरे बिघडतीन," त्या म्हणाल्या.

सासरे म्हणजे दौलतभाऊ. छप्पन साली दीक्षा घेतलेले, विहारात दर रविवारी वंदना घेणारे. नऊ दिवसांनी मुलाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, म्हणजे आठवणीचा दिवस. त्या दिवशी हे पुस्तक लोकांना द्यायचं, एवढीच बाईंची इच्छा. दौलतभाऊंनी साफ सांगितलं होतं, आपण आत्मा मानत नाही, माझ्या पोराच्या नावानं भुताचं पुस्तक वाटायचं नाही. छापून आण, मी वाचीन, मग ठरवीन.

"अर्ध्यापर्यंत त्यायले मास्तर आवडला असता, तर मंग समजलं तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. "आता पाचव्या पानावर पुस्तक बंद करतीन आन गठ्ठा तसाच बांधलेला राह्यते."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मालक आले. "तुले चौकट टाकाले कोनं सांगतलं होतं?"

"कोनीच नाई."

"मंग?"

फर्मा पुन्हा छापावा, तर त्याचे खिळे एव्हाना गडचिरोलीच्या लेटरहेडांत गेले होते. कागद बाईंनी नागपूरहून मोजून आणलेला. मालक म्हणाले, वरून कोरा कागद चिकटवू. मी म्हणालो, प्रत्येक प्रतीवरची रेघ ब्लेडने खरवडतो.

"काही करू नका," बाई म्हणाल्या. "चिकटवलं तर लोक पह्यले तेच उकलून पाह्यतीन." मग त्यांनी मला विचारलं, "भाऊ, पुढचा फर्मा बांधला काय?"

"नाई. जुळवला हाय, बांधाचा हाय."

"त्याच्यात रिकामी जागा कुठी हाय?"

बाराव्या पानावर पहिलं प्रकरण संपत होतं. मी मोजलं. "अकरा ओळी बसतीन."

बाई कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. शेजारी मशीनचा खडखडाट चालू. लिहिताना इतकं शांत मी कोणालाच पाहिलेलं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि नोकरीत पहिल्यांदाच मी जुळवण्याआधी वाचलं. यशवंत मास्तरांना आपल्या पत्राभोवतीची काळी चौकट दिसते. ते चष्मा लावून तिची तपासणी करतात आणि निष्कर्ष काढतात:

"ही चौकट हिनेच आखली असणार. मला घाबरवायला. पण पट्टी लावून आखली आहे, म्हणजे राग फारसा नाही. खरोखर रागावलेल्या बायकोची रेघ सरळ येत नाही. उद्याचं पत्र दोन पानी लिहावं."

मी मोठ्याने हसलो. मशीनवाला वळून पाहायला लागला.

"आता कसं," बाई म्हणाल्या, "वाचनाऱ्याले मालूम, बायकोले मालूम. फक्त मास्तरले नाई. आता बाकीच्या पत्रायलेही चौकट टाका."

सगळा मजकूर मी जुळवला. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, बरोबर अकरा ओळी. तीस वर्षांच्या नोकरीत मी मोठमोठ्या लोकांचं लिखाण जुळवलं. "दोन ओळी कमी करा" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. ही बाई दुसऱ्याची चूक उचलून तिच्यावर आपलं पुस्तक उभं करत होती. मला तिच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर म्हणतात. स्वतःची लाजही वाटली.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी गठ्ठे घेऊन मीच एसटीने गेलो. मालकांनी पाठवलं नव्हतं. दौलतभाऊ अंगणात बाजेवर बसले होते. बाईंनी एक प्रत त्यांच्या हातात दिली. बाकीचे गठ्ठे सुतळीने बांधलेले.

ते ओळीखाली बोट धरून वाचत होते. पाचव्या पानावर बोट थांबलं. "हे काय हाय? मेला काय हा?"

"पुढं वाचा ना बाबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुस्तक मिटलं. पण बोट आतच होतं. जरा वेळाने त्यांनी पुन्हा उघडलं. मी लांबून पानं मोजत होतो. बारावं आलं. एकेक ओळ संथपणे खाली सरकली. मग म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. हसतात की रडतात ते मला कळेना. बहुतेक दोन्ही.

"असाच होता," ते म्हणाले. "समोर ठेवलं तरी मानत नव्हता. डाक्टर म्हने ताप हाय, हा म्हने थर्मामीटर खराब हाय." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "बाई, हे भूत नाई. हा माहा पोरगा हाय."

आणि त्यांनी वाकून गठ्ठ्याची सुतळी स्वतः सोडली. प्रमिलाबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या आत गेल्या, चहा ठेवायला म्हणून, आणि बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी बाहेर आल्या. माझेही डोळे भरले होते, ते सांगायला मला संकोच नाही.

त्यानंतर हस्तलिखित शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी खिळ्याला हात लावला नाही. त्यात एक दिवस जास्त जायचा आणि मालकांची बोलणी खावी लागायची. शिवाय विचारल्याशिवाय चौकट टाकणं बंद केलं, अगदी तेरवीच्या पत्रिकेलासुद्धा.