सोमवारी येतो, तोवर कळ काढा

अंबरनाथ पूर्व, अंबरनाथ पश्चिम, उल्हासनगरचे सर्व कॅम्प आणि बदलापूरच्या अलीकडेपलीकडे राहणाऱ्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की दोन हजार सालानंतरची काही वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची चाळणी माझ्या हातात होती. शांतता राखावी. चाळणी म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे रवा आला, त्यांनी तो तूर्त बाजूला ठेवावा.

ही चाळणी ईमेलची. कारखान्याच्या सर्व्हरवर आलेली प्रत्येक मेल माणसापर्यंत पोचायच्या आधी तिच्यातून जायची. कोणती मेल कुठल्या कप्प्यात टाकायची, कोणती दुसऱ्याकडे वळवायची, आणि माणूस रजेवर असेल तर त्याच्या वतीनं काय उत्तर द्यायचं, हे प्रत्येकाच्या नावानं थोडक्या ओळींत लिहून ठेवलेलं असायचं. त्या ओळी कोणाला लिहिता येत नसत, म्हणून सगळे माझ्याकडे यायचे. मी माझ्या मशीनवर एक साधासुधा एडिटर उघडायचो, तिथूनच सर्व्हरवरची ज्याची त्याची चाळणी समोर आणायचो, बदल करायचो आणि सेव्ह करायचो. एखादा कंस सुटला की सर्व्हर ती तशीच परत करायचा, शाळेतल्या बाई वही परत भिरकावतात तशी.

लोक माझ्या शेजारच्या खुर्चीत न्हाव्याकडे बसावं तसे बसायचे आणि मान वळवून सांगायचे, इथून थोडं कमी कर. डिस्पॅचच्या माणसाला साहेबांच्या सगळ्या मेल "नंतर" नावाच्या कप्प्यात हव्या होत्या. खुद्द साहेबांना मुलीसाठी येणारी स्थळं कामाच्या मेलमध्ये मिसळायला नको होती, म्हणून मी त्यांना "महत्त्वाचे" असा कप्पा करून दिला. त्यात कारखान्याची एकही मेल जात नसे. ही गुपितं मी आजवर पोटात ठेवली होती. आता साहेब निवृत्त आहेत, मुलीचं लग्नही झालंय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

पण या खुर्चीत सर्वांत जास्त बसला तो परचेसमधला माझा मित्र. राहायला अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. आवाज असा, की फोन न लावताच उल्हासनगरला ऐकू जाईल. त्याला रजेचा अर्ज लिहायचा कंटाळा, पण रजेवर असताना मेलला जायचं आपोआप उत्तर मात्र त्याला कवितेसारखं सजवून हवं असे. सर्व्हरवर एका माणसाला कितीही चाळण्या ठेवता येतात, फक्त एका वेळी एकच जागी असते, बाकीच्या झोपलेल्या. त्याच्या नावावर "दिवाळी" होती, "मेव्हणीचं लग्न" होती, आणि दर एप्रिलला जागी होणारी "जयंती" होती. एडिटरमध्ये त्यांची यादी दिसायची आणि जी जागी असेल तिच्यापुढे एक चांदणी.

त्या वर्षी तो रजेच्या आदल्या दिवशी येऊन बसला आणि म्हणाला, "या वेळी जयंतीचं नव्यानं लिही. जयभीम."

"अरे, सप्लायरना जाणार हे. साहेब काही बोलले तर?"

"साहेबांना वर्षभर गुड मॉर्निंग घालतो ना मी? वर्षातून एकदा त्यांनी जयभीम ऐकावं. लिही. वस्तीच्या जयंतीच्या कामात आहे. सोमवारी येतो. तोवर कळ काढा."

"कळ काढा? कस्टमरला?"

"कस्टमर नाही, सप्लायर. सप्लायरनं कळच काढायची असते. आणि मराठीत लिही, देवनागरीत. इंग्रजीत माझा आवाज येत नाही."

देवनागरीची तेव्हा अशी गंमत, की निम्म्या लोकांच्या मशीनवर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं उमटायची. आमच्या कारखान्याला पुठ्ठ्याची खोकी पुरवणारे एक सिंधी शेठ उल्हासनगरचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "साईं, तुमच्या आदमीने हमको इतने सारे सवाल पूछे हैं. पूरा पेज सवाल! मैं किसका जवाब पहले दूँ?" मी सांगितलं, शेठ, तो जयंतीत आहे, सोमवारी स्वतःच येऊन विचारेल. शेठ खूश झाले. म्हणाले, "ठीक है, मंडे को माल भी भेजता हूँ और जवाब भी."

जयंती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या कमानीवरची रोषणाई उतरवून तो खाली बसला, चहा मागितला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि चहा यायच्या आत गेला. एवढंच झालं. मी आयुष्यात कितीतरी किस्से फुलवून सांगितले, पण हे वाक्य मला कधी लांबवता आलेलं नाही. आम्ही ऑफिसातले सगळे गेलो, तेव्हा निळ्या पताका तशाच होत्या आणि कमानीवर अर्धी तोरणं उतरलेली, अर्धी लटकत होती. तो गेल्यावर उरलेली उतरवायला कोणाचा हात वर जाईना.

सोमवार आला. तो आला नाही. पण त्याची चाळणी जागीच राहिली, हे माझ्याही ध्यानात नव्हतं. ध्यानात आणून दिलं शेठनी. एक दिवस ते घामाघूम होऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मधल्या काळात त्यांच्या मुलानं मशीनमध्ये मराठी अक्षरं दिसण्याची सोय केली होती. त्यामुळे प्रश्नचिन्हांऐवजी शेठना पहिल्यांदाच त्याचे शब्द दिसले होते.

"साब, मैं उसकी मैयत में आया था. अपने हाथ से फूल रखा मैंने. और आज सुबह वो मेरे को बोलता है, सोमवारी येतो!"

साहेबांनी मला बोलावून सगळ्या ऑफिससमोर झापलं. "तुला काही अक्कल? गेलेल्या माणसाची उत्तरं बाहेर जातायत! आजच्या आज बंद कर. सगळ्या मेल परचेसच्या नव्या माणसाकडे वळव."

मी जागेवर येऊन एडिटर उघडला. बंद करण्याआधी, उत्तर कोणाकोणाला गेलंय ते सर्व्हरच्या नोंदीत पाहिलं. सप्लायर होते, एक बँक होती, आणि एक पत्ता होता बदलापूरच्या एका शाळेतला. वहिनींचा. त्याची बायको त्या शाळेत शिकवायची. शाळेत कॉम्प्युटर आल्यावर त्यानंच तिला मेल करायला शिकवलं होतं आणि मधल्या सुट्टीत तिची मेल आली की तो ती आख्ख्या परचेसला मोठ्यानं वाचून दाखवायचा. "ऐका हो, आज आमच्याकडे गवार आहे!" तो गेल्यानंतरही त्या रोज मधल्या सुट्टीत त्याला मेल करत होत्या. काय लिहीत होत्या ते मी उघडून पाहिलं नाही. पण मेल वळवल्या असत्या, तर त्या नव्या माणसापुढे उघड्या पडल्या असत्या.

मी काहीच न करता एडिटर मिटला.

दोनेक दिवसांनी वहिनीच आल्या, त्याच्या खणातलं सामान न्यायला. डबा, कंगवा, वस्तीतल्या पोरांसाठी आणलेल्या बिल्ल्यांची पिशवी. सामान घेऊन झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या. त्याच खुर्चीत.

"भाऊजी, एक विचारू? हसाल."

"विचारा की."

"ह्यांच्याकडून उत्तर येतं मला. ते मशीन पाठवतं, तेवढं कळतं मला. पण पहिल्या दिवशी लगेच आलं, नंतर कितीही पाठवलं तरी आठवडाभर काहीच नाही. आमचं भांडण झालं की हे असेच वागायचे. अबोला. स्वतःहून आठवड्यानं बोलायचे." त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली. "जायच्या दिवशी सकाळी आम्ही भांडलो होतो. कमानीवर चढू नका म्हणाले होते मी."

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, वहिनी, हा अबोला नाही. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा तेच उत्तर जाऊ नये, म्हणून कोणाला उत्तर दिलं ते सर्व्हर लक्षात ठेवतो आणि सात दिवस त्याला पुन्हा देत नाही. सगळ्यांनाच तसं होतं. शेठनाही.

"म्हणजे रागावून नाही?"

"नाही हो."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "रोज येईल असं करता येतं का?"

हुकूम होता बंद करण्याचा. मी हुकूम पाळला, तोही माझ्या पद्धतीनं. त्याच्या चाळणीत वरच्या बाजूला एक अट घातली, की मेल या एका पत्त्यावरून आली असेल तर ती कोणाकडेही वळवू नये, एका वेगळ्या कप्प्यात ठेवावी, आणि उत्तर द्यावं, रोज. सातच्या जागी एक. बाकी सगळ्या जगाच्या मेल नव्या माणसाकडे, उत्तराशिवाय. सेव्ह केलं. पहिल्या फटक्यात सर्व्हरनं घेतलं, एक कंससुद्धा चुकला नाही. साहेबांना जाऊन सांगितलं, बंद झालं. शेठना तर झालंच होतं बंद, म्हणजे मी अगदीच खोटं बोललो नाही.

मग पावसाळा गेला, गणपती गेले. रोज मधल्या सुट्टीच्या वेळेला नोंदीत एक ओळ यायची आणि तिच्याखाली उत्तर गेल्याची एक ओळ. मी जेवायच्या आधी तेवढं पाहून घ्यायचो. घरात कोणी झोपलेलं असताना आपण दारातून डोकावून जातो, तसं.

दिवाळीच्या आधी वहिनी पुन्हा आल्या. या वेळी सोबत मुलगी, नुकतीच जोडाक्षरं वाचायला लागलेली. तिला बाहेर शिपाईमामांकडे बसवून त्या आत आल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "बंद करायचं, भाऊजी."

"का? कोणी काही बोललं?"

"शाळा लवकर सुटली म्हणून शनिवारी ही माझ्या शेजारी येऊन बसली होती. हिनं वाचलं. घरी जाऊन आजीला सांगितलं, बाबा सोमवारी येणार. काल सोमवार. सकाळपासून दारात बसली. नवा फ्रॉक घालून. आजी म्हणाली ये आत, तर म्हणते, कळ काढायला सांगितलीय बाबांनी."

मी म्हटलं, हवं तर त्याचं ते वाक्य सुंदर छापून देतो, फ्रेम करा.

"कागदाचं काय करू? कागद थोडाच विचारल्यावर बोलतो?"

"मग असं करू. तुम्ही माझ्या पत्त्यावर मेल करत जा, तेच उत्तर माझ्याकडून येईल. मुलीला दिसणार नाही असं बघू."

त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "तुम्ही मला कळ काढायला सांगणार? तुमच्या बायकोनं वाचलं म्हणजे?"

मी चाळणी उघडून दाखवली. इंग्रजी शब्द, कंस, अवतरणचिन्हं, आणि त्यांच्या मधोमध त्याचं मराठी, जयभीमपासून "कळ काढा"पर्यंत. वहिनींनी पडद्यावर बोट ठेवून ते वाचलं. वर घातलेल्या अटीतला आपला पत्ताही त्यांना दिसला.

"पुसायची नाही," मी म्हटलं. "नुसती झोपवायची. दिवाळी, मेव्हणीचं लग्न, त्यांच्याशेजारी राहील. ही चांदणी काढली की झालं. मी काढू?"

"मी काढते."

त्यांनी कुठली कळ दाबायची ते विचारून घेतलं आणि दाबली. चांदणी गेली. सर्व्हरचं "ओके" खाली उमटलं.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. साहेब. खुर्चीत कोण बसलंय ते त्यांनी पाहिलं, पडद्यावर काय आहे तेही पाहिलं, आणि एवढे महिने काय चाललं होतं ते त्यांना न सांगता कळलं. मी उभा राहिलो. आता दुसरी झाडपट्टी, तीही वहिनींसमोर, असं धरूनच चाललो होतो. साहेब नुसते शेजारच्या टेबलाला टेकून उभे राहिले. त्यांच्या मागे डिस्पॅचवाला आला, परचेसचा नवा माणूस आला.

"नक्की बंद झालंय ना?" वहिनींनी विचारलं. "उद्या हिनं परत वाचलं तर?"

"एक पाठवून बघा ना," मी म्हटलं आणि माझ्या दुसऱ्या मशीनवर त्यांना त्यांची मेल उघडून दिली. त्यांनी काय लिहिलं ते आम्ही कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या होत्या, साहेबांनीही. मेल गेली. सर्व्हरच्या नोंदीत ती पोचल्याची ओळ आली.

तिच्याखाली एरवी लगेच दुसरी ओळ यायची. आम्ही पाहत राहिलो. बाहेर मुलगी शिपाईमामांना बाराखडी म्हणून दाखवत होती, तेवढाच आवाज. डिस्पॅचवाल्यानं घसा खाकरला. वहिनी हात मांडीवर ठेवून, उत्तर यायच्या जागेकडे बघत बसल्या होत्या. ओळ आली नाही.

आणि हे सगळं बंद करा म्हणून मला झापणारे आमचे साहेब टेबलावरून पुढे वाकून एकदम मोठ्यानं म्हणाले, "अहो बाई, परत एकदा पाठवून बघा ना!"