पहिला भाव

सावनेरच्या घरातून निघालो तेव्हा एका हातात पत्र्याची पेटी होती, दुसऱ्यात मायनं बांधून दिलेल्या भाकरी. थोरल्या भावाला बाबांनी नागपूरच्या कॉलेजात पाठवलं आणि मला सातवीनंतर संत्र्याच्या बागेत जुंपलं. हे मी तोंडावर बोललो. दारात उभे राहून ते म्हणाले, "निघाला तं निघ. पुन्हा या दारात पाय ठेवला तं तंगडं तोडून हाती देईन."

तुम्ही शेजारपाजारचे सगळे ऐकत होतात. एकानंही मधे तोंड घातलं नाही, हे मी विसरलेलो नाही.

स्टँडावर मी पहिली एसटी मुद्दाम सोडली. मागून कुणी येईल असं वाटलं होतं. हाक आली नाही.

नागपूरजवळ वाडीला गोदामात हमाली केली, मग ट्रक ठरवून देण्याची दलाली. ट्रकवाल्यानं भाव सांगितला की मी खोटंखोटं चिडायचो, उठून चालू लागायचो, आणि तो मागून हाक मारायचा. नेहमीच. माय येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडायची, "तू गेल्यापासून घर खायले उठते." ऐकून निघावंसं वाटायचं, पण बाबांचा शब्द आठवला की मी जागचा हलत नसे.

बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी पोरगी अलंकार पाठ करत बसली होती. "अतिशयोक्ती म्हणजे असलेली गोष्ट फुगवून सांगणे." माझी शाळा या धड्याच्या आधीच सुटली होती. मी हसून म्हणालो, हा तर माझा धंदा.

पोळ्या लाटता लाटता बायको म्हणाली, "अन् तुमच्या बाबांनी तंगडं तोडतो म्हटलं, ते काय होतं? बाजारात पहिला भाव कधी खरा मानत नाही. मंग बापाचा पहिलाच शब्द काहून धरून बसले?"

मी तिच्यावर खेकसलो. रविवारी सावनेरची एसटी धरली.

बाबा ओसरीवर बसले होते, वाळून गेलेले. बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिले. "दोन्ही हायेत ना गा? मंग धू, अन् ये अंदर." माय बादली घेऊन आधीच दारात आली होती.

आता दोघंही नाहीत. भाऊ "या, बसा" म्हणतो, वहिनी कपबशीत चहा देते, तुम्ही ट्रकांचे भाव विचारता. त्या दिवशी हाक मारली नाही याचा राग अजून आहे, पण भांडायचं कुणाशी? म्हणून चपला काढून मी दारात जरा जास्तच थांबतो. पाय धू असं कुणी म्हटल्याशिवाय त्या घरात शिरावंसं वाटत नाही.