भट्टीवरचा लिंबाचा सेंट

लिहिण्यात चुका होतील, त्या पोटात घाला. मी आठवीतून शाळा सोडली. वेलांट्यांचं आणि माझं कधी जमलं नाही, आणि भारी शब्द मला येत नाहीत. बोलायला तर मी मुळातच लाजतो. पण जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळया लाटणाऱ्या मिलमध्ये काम केलं की किस्से आपोआप साचतात. भट्टीशेजारी जसा लोखंडाचा पापुद्रा साचतो, तसेच. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी परत तेवढेच! हे सगळे किस्से एका उन्हाळ्यातले आणि एका बाटलीचे आहेत.

आधी एक सांगितलं पाहिजे. त्या वर्षी टेंभुर्णीचं एक स्थळ मला सांगून आलं होतं. मुलीचे काका येऊन बसले, चहा प्याले आणि जाताना माझ्या मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा चांगलाय, पण अंगाला जळक्या तेलाचा वास येतो." संपलं! दोनदा साबण लावून बसलो होतो मी. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. हा वास जातो कशानं?

* * *

बाटली आली रशीदचाचांकडून. चाचा आमचे फोरमन. त्यांचा भाचा जेद्दाहून आला आणि त्यानं मामूला सेंट आणला. खोक्यावर चिरलेल्या लिंबाचं चित्र.

चाचा म्हणाले, "ह्याच्यात स्पिरिट असतं. मी अत्तर लावणारा माणूस, मला नको. भास्कर बेटा, तू लाव."

सळई चिमट्यानं धरणारा आमचा बबन लगेच पुढं. "कोणत्या कंपनीचा हाय चाचा?"

"कंपनी न्हाई. तिकडं कपडे शिवणारा कोणी मोठा माणूस आहे, त्याच्या नावाचा आहे."

बबननं बाटली खालून-वरून पाहिली. "शिंप्याचा सेंट? आपल्या टेलरकडं तर नुसता इस्त्रीचा वास येतो!"

मी हळूच विचारलं, "उन्हाळ्यात लावायचा का हिवाळ्यात?"

चाचांना असा प्रश्न फार आवडतो. ते खाली बसले. "थंडीत हिना, गरमीत खस. हिना गरमीत लावला तर डोकं धरतं. लिंबू म्हणजे गरमीचाच. बिलकुल."

बबन म्हणाला, "मोसंबीच्या मुलखात लिंबाचा वास इकत आणायचा! उद्या गोदावरीत बाटलीतलं पाणी वतू."

* * *

मे महिन्यात भट्टीसमोर आम्ही ओला पंचा तोंडाला गुंडाळतो. त्याशिवाय उभंच राहता येत नाही. बबनच्या डोक्यात आलं, की पंच्यावरच सेंट मारला तर थंड वास नाकात जात राहील. जेवणाच्या सुट्टीत त्यानं चार-पाच फवारे मारले आणि पंचा आवळून बांधला.

क्षणभर तो खूश होता. मग ओरडत हौदाकडं पळाला आणि मुंडकंच पाण्यात घातलं.

बाहेर आला तेव्हा डोळे लालबुंद. "चाचा, परदेशातले लोक हे लावून जगतात कसे?"

"अबे, ते मानेला लावतात! तोंड बांधत न्हाईत!"

* * *

मी मानेला लावून पाहिला. घाबरत, कॉलरखाली दोन फवारे.

उन्हाळ्यात मिलमध्ये लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा ड्रम असतो. त्या दिवशी माझ्या बाजूला काम करणारा जो तो ड्रमकडं जाऊन राह्यला. झाकण उघडून बघायचा आणि तसाच परत यायचा. पाळीतल्या कोणाचंच लक्ष कामात नव्हतं.

तेवढ्यात शेठ आले. माझ्याजवळून गेले, थांबले, मोठा श्वास घेतला. "वा! आज लिंबू सढळ हातानं पिळलं वाटतं. असंच पाहिजे!"

ड्रमवाला बिचारा खरा माणूस. म्हणाला, "शेठ, लिंबं आजून मंडईतच हायेत!"

* * *

मला मात्र हा वास राहतो किती, हे पाहायचं होतं. भट्टीसमोर उभा राहिलो तर चहा पिऊन होईस्तोवर उडाला. मग एकदा पगाराचं विचारायच्या निमित्तानं ऑफिसात कुलरसमोर उभा राहिलो. तिथं तो निवांत राहिला, आणि बदललासुद्धा! आधी लिंबाचं साल, मग हळूहळू मोसंबीचं फूल. हुबेहूब. मी मनगट नाकाला लावून तसाच उभा.

क्लार्कसाहेबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, कप्पे उघडले. मग शिपायाला म्हणाले, "माझा आज निर्जळी उपास आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तरी इथं कोण फळं सोलून राह्यलं?"

शिपायानं माझ्याकडं पाहिलं. मी पगाराचं न विचारताच बाहेर आलो.

* * *

आता शेवटचा. शहागडजवळच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलीचं नाव नंदा. वडिलांची मोसंबीची बाग, त्यांना सगळे आबा म्हणतात. मामा आणि मी एसटीनं गेलो. स्टँडवर उतरल्यावर मी मानेला, मनगटाला, वर शर्टाच्या आतूनही फवारे मारले. तेलाचा वास या वेळी येता कामा नये, एवढंच मनात होतं.

बागेला लागूनच घर. ओसरीवर बसलो. चालत येईपर्यंत लिंबाचा भर ओसरला होता. नंदा पाणी देऊन गेली. आबा मामाशी बोलता बोलता एकदम गप्प झाले. नाक वर केलं. चेहरा उतरला.

"फुलाचा वास कसा काय येऊन राह्यला?"

ज्यांच्याकडं मोसंबी नाही, त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात बागेला ताण देतात. पाणी तोडायचं, झाडं सुकू द्यायची, पानं गळू द्यायची. म्हणजे मृगात बाग एकदम फुलते. मधेच कोणी पाणी सोडलं तर ती अवेळी फुटते आणि सगळा बहार हातचा जातो.

"कोणी पाणी सोडलं रे बागेला?" आबा ओरडले आणि भर उन्हात अनवाणी पळाले. मागं मामा. मामाच्या मागं मी.

बाग तर वाळून उभी होती. आबा एकेक फांदी नाकाला लावून राह्यले. "ह्या ओळीत येतोय वास!" मी घाबरून दुसऱ्या ओळीत सरकलो. "आता इकडं!" मी मागं झालो. "अरे, मागून पण येतोय!"

सांगावं म्हणून मी तोंड उघडायचो आणि मिटायचो.

तेवढ्यात नंदा वडिलांच्या चपला घेऊन आली. माझ्या शेजारून जाताना थांबली. एक श्वास घेतला.

"आबा, झाडं काय हुंगता? पाहुणे हुंगा!"

आबा आले. माझ्या खांद्याशी वाकले. माझी कॉलर हुंगली. "मंग बोलला का न्हाईस, लेकरा?"

मी खाली पाहात होतो. नंदानंच विचारलं, "रोज लावता का हे?"

तेवढं एक वाक्य मी त्या दिवशी बोललो. "न्हाई. रोज जळक्या तेलाचा वास येतो."

मामानं कपाळावर हात मारून घेतला.

आबांनी चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता झाडाकडं बघत म्हणाले, "मृग बहार फुटला का या. खरा वास कसा राह्यतो ते दावतो."

"म्हंजे आम्ही काय समजायचं?" मामानं विचारलं. पण आबा विहिरीच्या मोटरीचं बटण बंद आहे का ते बघायला निघून गेले होते. नंदा पदर तोंडाला लावून घराकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाळी होती. भट्टी पेटायच्या आधीच मी रशीदचाचांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सुट्टी मागितली.

चाचा म्हणाले, "कोणत्या तारखेची?"

मी म्हणलो, "बाग फुटंल त्या तारखेची."