मानशीवरचा मोबाइल

दोष भाऊकाकाचा. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या चोपडे गावात काहीही बिघडलं की म्हातारे पहिले माझ्याकडे बघतात. मी कॉलेज सोडलेला ना!

ह्या मोबाइलच्या गोष्टी जमवाव्या लागत नाहीत. नदीच्या बांधावर बसलं की गाळासारख्या साचत जातात. बांधात मानस आहे, म्हणजे पाण्याचं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं, भरती चढायच्या आत पाडायचं. विसरलं तर नदीचं खारं पाणी आत, आणि सगळ्या वाडीचं भात खलास. ही राखण तीस वर्षं भाऊकाकाकडे.

*

निवृत्त गुरुजी रोज बांधावर मला ऐकवतात, "तुमची पिढी मोबाइलान खाल्ली!" मग त्यांनी 'मोबाइलचे दुष्परिणाम' ह्या विषयावर व्हिडिओ केला. मोबाइलवर!

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आले. "सतराच जणांनी बघितला रे. तू बघलंस?"

"बघितला, गुरुजी."

"मग परत बघ. आणि शेवटपर्यंत बघ, मध्येच सोडलंस की तो आणखी कोणाक दिसत नाय!"

*

आई एका बाईचे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघते. कौतुकानं नाही, संतापानं. "बांगड्याच्या हुमणाक तिरफळां नाय? हिका कोणी शिकयला?" खाली कॉमेंटही ठोकते. त्यामुळे तिला दिवसभर तीच बाई दिसते.

मी म्हटलं, "आई, त्या ॲपला तुझा राग काय नि आवड काय, सारखंच. तू थांबलीस, एवढंच त्याला कळतं."

"म्हणजे अगदी तुज्या बापाशीसारख्याच!"

*

माझंही सांगतो. कॉलेजचं दुसरं वर्ष रील्समध्ये गेलं. एक संपली की दुसरी, तळच नाही! ज्यांनी ते तसं बनवलं त्यांना लाज नाही, आणि मला अक्कल नव्हती. एक दिवस सगळं काढून टाकलं. चार दिवस अंगठा नुसताच हलत होता. पाचव्या दिवशी जेवताना माशाची चव लागली. सुटलो!

*

त्याच जोरावर भाऊकाकाच्या फोनलाही अर्ध्या तासाची मर्यादा लावून दिली. वेळ संपली, पडद्यावर आलं, 'थोडी विश्रांती घ्या.'

काका भडकला. "विश्रांती? सकाळपासून मी काम काय केलंय?"

खालीच बटण होतं, 'आजच्या दिवस दुर्लक्ष करा'. दारुड्याच्या हातात बाटली देऊन 'आता बास ना?' विचारायचं, तसलं हे! काकानं बटण दाबलं. आता रोज दाबतो. त्याला वाटतं, स्कूटरला किक मारावी तसं ते दाबल्याशिवाय फोन चालतच नाही.

*

श्रावणातली दुपार. आई चुलीपाशी फोन बघत होती. एकदम ओरडली, "अरे, भाऊ लाइव्ह इलो!"

बघतो तर काका मानशीवर उभा, कॅमेरा पाण्याकडे. "मित्रांनो, बघा आमच्या चोपड्याचा निसर्ग! पाणी कसं खळाळत येतंय!" खाली बदामच बदाम. गुरुजींनी लिहिलं होतं, 'अप्रतिम!'

पाणी आत येत होतं.

मी अनवाणी पळालो. काकाला बाजूला ढकलून दार पाडलं, तोवर पाणी पहिल्या कुणग्यात, म्हणजे बांधालगतच्या भाताच्या तुकड्यात, घुसलं होतं. दुसऱ्या कुणग्यात उतरून बोट बुडवलं, चाखलं. गोडं! तिसऱ्यातलं चाखलं. गोडं! तिथंच चिखलात बसकण मारली आणि वेड्यासारखा हसत सुटलो. वाडीचं भात वाचलं होतं.

वरून काका ओरडला, "रे, दार कित्याक पाडलंस? साठ माणसां बघत होती!"

पहिला कुणगा भाऊकाकाचा होता. त्याचं भात गेलं, आणि चतुर्थीच्या आधी वाडीनं मानस त्याच्याकडून काढून घेतली.